लव्हाळ्याच्या मागे आठ महिने: ओवळ्यातल्या अकरा गुंठ्यांच्या नोंदी

१६ मार्च २०२५, रविवार

ठाण्यातल्या ओवळा गावठाणाच्या मागे, डोंगराच्या पायथ्याला आमची अकरा गुंठ्यांची वाडी आहे. एका अंगाला येऊरचं जंगल, दुसऱ्या अंगाला घोडबंदर रस्ता आणि मेट्रोचे खांब. कौलारू घर, विहीर, नऊ माड, चार आंबे, एक फणस, खुराड्यात चौदा कोंबड्या, दोन शेळ्या, भाजीचे सहा वाफे आणि उताराला दोन गुंठ्यांचं भाताचं खाचर. राबणारे तिघं: मी, आमचे हे आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई. पावसाळ्यात येऊरच्या पाड्यावरची मावशी बेणणीला, म्हणजे तण काढायला, येते.

ही वही लव्हाळ्यासाठी घातली आहे, म्हणजे जमिनीखाली गाठी धरणाऱ्या गवतासारख्या तणासाठी. दोन वर्षांपूर्वी वाफे उंच करायचे म्हणून टेम्पोभर लाल माती विकत घेतली. माती भुसभुशीत, रंगही छान. पंधरा दिवसांत तिच्यातून सुईसारखे हिरवे कोंब वर आले. घमेलंभर माती चाळून बघितली असती तर काळ्या गाठी तेव्हाच दिसल्या असत्या. आमच्या जमिनीत टाकळा, आघाडा, केना पिढ्यान् पिढ्या आहेत, पण लव्हाळा नव्हता. गाजर गवतही त्याच मातीतून आलं असावं, कारण पहिलं रोप तिथेच दिसलं. गेल्या पावसात सहापैकी तीन वाफे हातचे गेले. मिरचीची रोपं वितीवरच थांबली आणि वांगी फुलावर आलीच नाहीत.

आज त्या तिन्ही वाफ्यांत हातभर लांब, हातभर रुंद चौकोन आखले. चार कोपऱ्यांना खुंट्या मारल्या आणि कोंब मोजले. पहिल्यात ८४, दुसऱ्यात ७७, तिसऱ्यात ९१. पाऊस सरला की याच चौकोनात पुन्हा मोजणार.

२३ मार्च, रविवार

पहिल्या वाफ्यात एका कोंबाचा माग काढत कुदळीने खणलं. कोंबाखाली वाटाण्याएवढी गाठ. तिच्यापासून काळा, तारेसारखा दोरा निघतो, दोन बोटांवर दुसरी गाठ. तिथून पुन्हा दोरा, पुन्हा गाठ. सहा गाठींची माळ निघाली आणि सातव्याला दोरा तुटला. बहुतेक गाठी वरच्या वितीभर मातीत होत्या, एखादी त्याहून खोल.

आता दोन वर्षांची चूक कळली. आम्ही खुरप्याने वरची पात कापत होतो. वरची गाठ जिवंत आणि वाढती असली की माळेतल्या खालच्या गाठी झोपलेल्या राहतात. वरची तोडली किंवा दोरा तुटला की त्या एकेक जाग्या होतात. म्हणजे आमची खुरपणी एका कोंबाचे तीन करत होती.

लव्हाळ्याची दुखरी बाजूही आहे. प्रत्येक नवा कोंब गाठीतल्या साठ्यावर वर येतो. कोंब आल्यावर साधारण तीन आठवड्यांनी तो खाली नवी गाठ धरायला लागतो. त्याआधी काढला तर साठा खर्च झालेला असतो आणि भर काही पडत नाही. दुसरं, गाठ कडक उन्हात उघडी पडून पूर्ण सुकली तर मरते. तिसरं, लव्हाळ्याला सावली सोसत नाही.

तीन वाफ्यांना तीन उपाय ठरवले. पहिला खणून उन्हाला द्यायचा. दुसऱ्यावर पाणी देऊन पारदर्शक प्लास्टिक ताणायचं. तिसऱ्यात दर बारा दिवसांनी कोंब काढायचे आणि पाऊस आला की रताळ्याचा वेल लावून दाट सावली करायची.

३० मार्च, गुढीपाडवा

गुढी उभारून झाल्यावर पुतण्या आंब्यावर चढला. पाडव्याच्या सुमाराला बांडगूळ लांबूनही ओळखू येतं, त्याची पानं आंब्यापेक्षा जाड आणि वेगळ्या हिरव्या रंगाची. तीन फांद्यांवर होतं. नुसतं बांडगूळ ओढून उपयोग नसतो, त्याची मुळी फांदीच्या लाकडात शिरलेली असते. म्हणून चिकटलेल्या जागेच्या दीड फूट खालून फांदी कापली. याची फळं फुलटोच्या पक्षी खातो, चिकट बी फांदीला पुसतो आणि तिथेच नवं उगवतं. फळ धरायच्या आत कापलेलं बरं. कापलेला पाला शेळ्यांनी आनंदाने संपवला.

१३ एप्रिल, रविवार

पहिला वाफा वितीहून थोडा खोल खणला. ढेकळं फोडायची नाहीत, तशीच उलटी टाकायची, म्हणजे खालची बाजू तापते. दर चौथ्या दिवशी पुन्हा पालथी. आज तिसरी पालथ. वरच्या गाठी सुरकुतायला लागल्या आहेत. खणताना हाताला लागलेल्या गाठी आम्ही दोन घमेली वेचल्या. एक घमेलं पडवीच्या पत्र्यावर उन्हात टाकलं. दुसरं यांनी पाण्याच्या पिंपात बुडवलं. हरळीचे आणि केन्याचे तुकडे आम्ही असेच कुजवतो आणि ते पाणी माडांना घालतो. डास होऊ नयेत म्हणून पिंपाला जाळी बांधलेली असते.

दुसऱ्या वाफ्यावर प्लास्टिक ताणलं. माती आधी ओली केली, कारण ओल्या मातीत उष्णता खोल जाते. कडा मातीत गाडल्या. दुपारी प्लास्टिकखाली हात घातला तर दोन सेकंदही ठेववेना.

२२ एप्रिल

विहिरीचं पाणी दोन कडी, म्हणजे दोन रिंगा, उरलं. ठिबक फक्त माडांना. मुंगसाने एक पिल्लू नेलं, खुराड्याची खालची जाळी बदलली.

२७ एप्रिल, रविवार

यंदा राब भाजायचा नाही असं ठरलं. आईंना ते पटवायला आठवडा गेला. भाताच्या रोपवाटिकेच्या जागी शेण, पालापाचोळा, बारीक फांद्या, गवत, वर थोडी माती असा थर देऊन पेटवायचा ही आपल्या कोकणपट्टीतली जुनी रीत. वरच्या मातीतलं तणाचं बी भाजून निघतं, राख मिळते, आणि जूनमध्ये तिथे भातच उगवतं. आई म्हणतात, राब नीट भाजला की आवणात, म्हणजे लावलेल्या भातात, बेणणी करावीच लागत नाही. हे खरं आहे, मी बघितलेलं आहे.

पण आता कुंपणापासून हाकेच्या अंतरावर मोठ्या इमारती आहेत. गेल्या वर्षी धूर वर गेला आणि तिथून माणसं खाली आली. त्यात एक आजोबा होते, दम्याचे, बोलताना धाप लागत होती. माझ्या जिवाला ते लागलं.

त्याऐवजी दुसरं करून बघतोय. रोपवाटिकेची जागा, जेमतेम दहा फूट बाय वीस फूट, उकरून सपाट केली आणि त्यावर पाणी मारलं. आठ दिवसांत तण उगवेल. ते दोन पानांचं असतानाच खुरप्याने वरवर खरवडायचं, खोल जायचं नाही, कारण खालचं बी वर आलं की ते पुन्हा उगवतं. मग पुन्हा पाणी, पुन्हा खरवड. पाण्याची ओढ आहे, म्हणून धुण्याचं शेवटचं पाणी वापरते.

७ मे

काल रात्री वादळ आणि पाऊस. पत्र्यावरच्या गाठी वेळेत आत घेतल्या, पण पहिल्या वाफ्यातली ढेकळं भिजली. आज ऊन पडल्यापडल्या पुन्हा पालथी घातली. ज्या गाठी अर्धवट सुकल्या होत्या त्यांना पाणी मिळालं याची काळजी वाटते.

१८ मे, रविवार

आज पाहुणा म्हणून दीर आले होते. फाटकापासून पडवीपर्यंतच्या फरशीच्या फटींतून गवत येतं, त्यावर मीठ आणि व्हिनेगर ओता असं त्यांनी मोबाइलवर दाखवलं. आई ओट्यावरून म्हणाल्या, "मीठ टाकलास त थय काय पन नाय उगवाचा. तुजे नातवाचे टायमाला पन नाय."

आईंचं माहेर भाईंदरकडचं, वडील मिठागरावर कामाला होते. आम्ही आगरी, मीठ पिकवणारी आणि खारीत भात काढणारी माणसं. खाडीचा बांध फुटून भरतीचं पाणी शेतात शिरलं की ते शेत पुन्हा गोड व्हायला पावसाळ्यामागून पावसाळे जातात, बांध घालून पावसाचं पाणी कोंडून खार धुवावी लागते. आईंनी हे लहानपणी अनवाणी पायांनी केलंय. फरशीवर ओतलेलं मीठ पहिल्या पावसात वाहून वाफ्यातच येणार. मी फटींत उकळतं पाणी ओतलं, भाताच्या पेजेचं आणि अंड्यांचं उरतं ते. कोवळं गवत दुसऱ्या दिवशी पिवळं पडतं. मुरलेल्या हरळीवर मात्र त्याचा परिणाम होत नाही, ती पहारीनेच काढावी लागते.

तणनाशकाचंही बोलणं निघालं. मागे एका दुकानात ग्लायफोसेटची बाटली सहज पुढे केली होती. ऑक्टोबर २०२२ च्या केंद्र सरकारच्या आदेशाने ते फक्त कीड नियंत्रण करणाऱ्या परवानाधारकांमार्फतच वापरायचं असं ठरलं होतं. आदेश नसता तरी आम्ही घेतलं नसतं. वाफ्यांपासून विहीर वीस पावलांवर आहे आणि तेच पाणी आम्ही पितो.

२६ मे, सोमवार

पाऊस आला! मुंबईत आजच मान्सून दाखल झाल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं, इतक्या लवकर तो आल्याची नोंद आधी नाही. आपण मृगाची, म्हणजे ७-८ जूनची वाट बघणारी माणसं. दोन आठवड्यांची कामं दोन दिवसांवर आली.

सकाळपासून पावसात: पन्हळी साफ, लाकडं आत, शेळ्यांच्या गोठ्यावर ताडपत्री, सुकलेल्या झावळ्या ओढून वाफ्यांच्या मधल्या वाटांवर अंथरल्या. वाटेवर झावळ्यांचे दोन थर टाकले की महिनाभर तरी तिथे गवत डोकं काढत नाही आणि पायही चिखलात जात नाहीत.

दुसऱ्या वाफ्याचं प्लास्टिक काढलं. सहा आठवडे झाले होते. माती स्वच्छ, एकही कोवळं रोप नाही. मला फार आनंद झाला. कडेला मात्र लव्हाळ्याच्या तीन सुया प्लास्टिक भोसकून वर आलेल्या दिसल्या. त्याचं टोक एवढं धारदार असतं.

१ जून, रविवार

रोपवाटिकेत कर्जत-३ जातीचं भात पेरलं. खरवडलेल्या जागेत तण अगदी थोडं. आईंनी वाकून पाहिलं, काही बोलल्या नाहीत, पण जाताना मूठभर राख आणून स्वतः विस्कटली.

टाकळा सगळीकडे उगवलाय, बोटभर. ही त्याची खायची वेळ. कोवळा पाला खुडून आणला, आईंनी कांदा, भिजवलेली चण्याची डाळ आणि ओलं खोबरं घालून भाजी केली. जांभळी नाक्याच्या बाजारात आदिवासी बाया शेवळं, टाकळा, कुलूची भाजी घेऊन बसलेल्या परवाच बघितल्या. आमच्या कुंपणाच्या आत जे फुकट उगवतं ते तिथे जुडीने विकलं जातं, म्हणून टाकळ्याला मी सरसकट तण म्हणत नाही. वाफ्यात आलेला काढते, कुंपणाकडेचा राखते. राखायला दुसरंही कारण आहे, ते पुढे येईल.

८ जून, रविवार, मृग

तिसऱ्या वाफ्यात रताळ्याचे वेल लावले, वितीवितीवर. तिथे मार्चपासून सहा वेळा कोंब काढलेत. काढायची रीत आता हाताला बसली: पाऊस पडून गेल्यावर, माती मऊ असताना, खुरप्याचं टोक कोंबाच्या बाजूने तिरकं खाली घालायचं आणि गाठीसकट उचलायचं. नुसतं ओढलं तर पात हातात येते आणि गाठ खालीच राहते.

पहिल्या वाफ्यात चवळी टोकली. तिथे कोंब विरळ दिसतायत. दुसऱ्यात मात्र लव्हाळा जोरात. उष्णतेने वरच्या गाठी गेल्या असाव्यात, खोलच्या राहिल्या, आणि इतर सगळं तण मेल्यामुळे त्यांना मोकळं रान मिळालं. प्लास्टिकचा उपाय टाकळ्याला, घोळीला, माठाला, गाजर गवताला चांगला आहे. लव्हाळ्याला तो पुरत नाही.

१५ जून, रविवार

शेजारचा प्लॉट. मालक परदेशात, कुंपण मोडलेलं, आत छातीएवढं गाजर गवत. फोनवर परवानगी मागितली, लगेच मिळाली. आज आम्ही तिघं आणि मावशी मिळून सकाळी सहा ते दहा उपटलं.

हे उपटायचं ते फुलायच्या आत. उगवल्यापासून महिना-सव्वा महिन्यात ते पांढरं फुलायला लागतं आणि एकेका झाडाला हजारो बिया धरतात. फूल आल्यावर हलवलं की बी झडतं आणि वाऱ्यावर परागही उडतात. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि तोंडाला फडकं बांधल्याशिवाय हात लावायचा नाही. माझ्या जाऊबाईंनी मागे नुसत्या हातांनी काढलं तर कोपरापर्यंत पुरळ उठलं आणि महिनाभर डॉक्टरकडे जावं लागलं. विळ्याने वरून कापूनही भागत नाही, बुंध्यातून पुन्हा फुटतं. यंत्राने कापणारे तर पिकलेलं बी प्लॉटभर पसरवून जातात, मला ते बघवत नाही.

उपटलेल्या रिकाम्या पट्ट्यात टाकळ्याचं गेल्या वर्षीचं बी टाकलं. जागा उघडी राहिली तर गाजर गवत परत येणार, टाकळा दाट आला तर त्याला जागाच मिळत नाही. पुढे येईल म्हटलं ते कारण हे.

२४ जून

लावणी झाली. चिखलणी चांगली दोनदा केली, त्यात उगवलेलं तण गाडलं जातं. खाचरात दोन बोटं पाणी कायम राहिलं तर बरंचसं गवत उगवतच नाही. बांधाला खेकड्याने पाडलेलं भोक बुजवलं, नाहीतर पाणीही जातं आणि तणाला वाटही मिळते.

६ जुलै, आषाढी एकादशी

पिंप रिकामं केलं. एप्रिलपासून बुडवलेल्या लव्हाळ्याच्या गाठी! पाणी काळंकुट्ट, वासाने उभं राहवेना, हरळी आणि केना पार विरघळलेले. गाठी मात्र दाबून बघितल्या तर टणक. चार गाठी कुंडीत ओल्या मातीत ठेवून दिल्या.

१४ जुलै

कुंडीतल्या चारपैकी तीन गाठींना कोंब. अडीच-तीन महिने पाण्याखाली राहूनही जिवंत! पत्र्यावर सुकवलेल्यांतल्याही चार दुसऱ्या कुंडीत ठेवल्या होत्या, त्यांतली एकही उगवली नाही. यापुढे लव्हाळ्याची गाठ पिंपात नाही, खतात नाही, फक्त पत्र्यावर. ते पिंपाचं पाणी गाळून माडांना घातलं, गाठी वेचून सगळ्या बाहेर काढल्या. यांना वाईट वाटलं, कारण ती कल्पना यांची होती, पण या प्रयोगाने आमची पुढची कितीतरी वर्षं वाचली असं मी यांना सांगितलं आणि मला ते मनापासून वाटतं.

२० जुलै, रविवार

केना. मागच्या रविवारी उपटून वाटेवर टाकला होता, आठवड्यात प्रत्येक पेरातून मुळं सोडून उभा. केन्याला जमिनीखालीही फुलं येतात आणि तिथेच बी धरतं, म्हणून वरची निळी फुलं खुडून समाधान मानायचं नाही. आता उपटला की थेट पिंपात. पानं कोवळी होती ती बाजूला काढून भजी केली, मुलगी डोंबिवलीहून आली होती, तिने पहिला घाणा एकटीनेच संपवला.

शेळ्यांसाठी कुंपणाचा सुबाभूळ छाटला. रोज थोडाच घालते, जास्त झाला तर त्यांचे केस झडतात. घाणेरी मात्र त्यांच्या तोंडाला लागू देत नाही, ती जनावरांना विषारी. कोपऱ्यातली घाणेरीची दोन झुडपं बुंध्याखालून, मुळांसकट पहारीने उचकटून काढली.

२९ जुलै, नागपंचमी

आज खणणं, कापणं, खुरपणं बंद. आईंच्या घरातली रीत आणि मी ती मोडत नाही. वर्षभर सापांच्या बिळांवर कुदळ चालवायची, एक दिवस तरी हात आवरावा. शिवाय परवाच पायरीजवळच्या गवतात घोणस दिसली होती. ती जंगलाच्या बाजूने निघून गेली. तेव्हापासून घराभोवती चार पावलांचा पट्टा कायम भुंडा ठेवतोय, आणि गमबूट घातल्याशिवाय कुणी गवतात पाय घालायचा नाही. लेप्टोचीही (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाची) भीती असते, पायाला चीर असेल तर साचलेल्या पाण्यात उतरायचंच नाही.

१० ऑगस्ट, रविवार

शेजारच्या प्लॉटवर राहून गेलेल्या गाजर गवताची पानं चाळणीसारखी झालेली. जवळ जाऊन बघितलं तर मेक्सिकन भुंगे! पांढुरक्या पाठीवर गडद रेघा, हरभऱ्याएवढे, आणि पानांच्या शेंड्यांना पिवळट अळ्या. १९५०च्या दशकात पुण्यात या गवताची नोंद झाली, ते तिथून देशभर गेलं, आणि ते खाणारा हा भुंगा १९८४ साली मेक्सिकोहून बंगळूरला आणून सोडला. तो आता आमच्या कुंपणापर्यंत पोहोचलाय. पावसाळ्यात खातो, हिवाळा लागला की मातीत जाऊन बसतो. एका प्लॉटचं सगळं गवत तो संपवत नाही, पण खाल्लेल्या झाडांना फुलं फारच थोडी दिसली. भुंगे असलेली झाडं मी उपटली नाहीत, त्यांना खायला ठेवली.

जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयातर्फे दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट गाजर गवत जागरूकता सप्ताह असतो. सप्ताह चांगला आहे. पण आमच्याकडे पाऊस मेअखेरीस सुरू झाला की ऑगस्टच्या मध्यापर्यंत पहिल्या झाडांचं बी पडूनही गेलेलं असतं. ठाण्यात हे काम जूनमध्ये व्हायला हवं.

१९ ऑगस्ट

दोन दिवस धो धो. खाचर आणि अंगण एक झालं. वाफ्यांची माती झावळ्यांनी धरून ठेवली.

२६ ऑगस्ट, हरतालिका

उद्या गणपती. सकाळी पत्री गोळा केली आणि एकही विकत आणावी लागली नाही: आघाडा, माका, डोरली, धोतरा, आणि दूर्वा. ज्या हरळीला मी मे महिन्यात पहारीने खणते तिचीच एकवीस जुड्या बांधताना कोवळी तीन पानं शोधत बसते. तुळशीपाशी तिला चार फूट जागा दिली आहे. त्या जागेच्या कडेने जुनी मंगलोरी कौलं उभी गाडली, वितीभर खोल, एकमेकांवर थोडी चढवून. दोन वर्षं झाली, हरळीची मुळी पलीकडे गेलेली नाही.

आघाड्याच्या कणसांचं बी लुगड्याला चिकटून वाडीभर फिरतं, म्हणून पूजेनंतर निर्माल्यातला आघाडा वेगळा काढून पिंपात.

३१ ऑगस्ट, गौरी आवाहन

तेरडा मी कधीच बेणत नाही. आमच्याकडे गौर तेरड्याचीच, लालसर मुळं ही तिची पावलं. विहिरीमागे गुलाबी फुललेला होता, मुळांसकट अलगद उपटून जाऊबाई, मी आणि मावशी असा तिघींनी आणला. मावशीने तिच्या पाड्यासाठीही नेला.

१४ सप्टेंबर, रविवार

टाकळ्याला शेंगा धरल्यात. वाटेकडचा आणि वाफ्यांजवळचा सगळा उपटला, शेंग हिरवी आहे तोवरच. पिकून तडकली की पुढची कितीतरी वर्षं तो उगवत राहतो. शेजारच्या प्लॉटवरचा मुद्दाम ठेवला, तिथे दाट आलाय आणि त्याच्याखाली गाजर गवत मोजून अकरा झाडं, तीही खुरटलेली. कुर्डूचे गुलाबी तुरे त्याच्यात मिसळलेत, डोळ्यांना फार बरं वाटतं.

२८ सप्टेंबर, रविवार

पुन्हा जोराचा पाऊस. भात पोटरीतून बाहेर, दाणे भरलेत. लोळू नये म्हणून कडेला दोरी बांधली.

१२ ऑक्टोबर, रविवार

भात झोडून झालं, पेंढा माळ्यावर. पावसाने थोडं काळवंडलं, पण घरापुरता तांदूळ होईल. खाचरात एकूण दोनदाच बेणणी लागली. आई म्हणाल्या, "राब नाय भाजला तरी जमला बाय."

रताळी काढली. नवरात्र हुकलं, थोडी लहान आहेत पण गोड. आणि मग खुंट्यांमधले चौकोन मोजले.

पहिला वाफा, उन्हात पालथा घातलेला: ८४ चे ९. दुसरा, प्लास्टिकचा: ७७ चे ५८. तिसरा, बारा दिवसांची काढणी आणि रताळ्याची सावली: ९१ चे १७.

तिसऱ्यात जुलैनंतर मी फारसं काही केलंच नाही, वेल इतका दाट झाला होता की खुरपं घालायला जागा नव्हती. जे कोंब आले ते पिवळट, लांबुडके. पहिल्याला मात्र एप्रिल-मेच्या उन्हात आठ वेळा कुदळ मारावी लागली, कंबर अजून आठवण देते. पुढच्या उन्हाळ्यात दुसरा वाफा खणून उन्हाला द्यायचा आणि मृगात तिन्हींवर रताळी. प्लास्टिक घडी करून ठेवलं, ते रोपवाटिकेच्या जागेला वापरू, पाणी मारून खरवडण्याऐवजी.

नवी माती यापुढे आणायची नाही. शेणखत शेजारच्या तबेल्यातून आणतो तेही आधी कुंडीत घालून, पाणी देऊन, पंधरा दिवस काय उगवतं ते बघूनच वाफ्यात.

१९ ऑक्टोबर, रविवार

उद्या पहिली आंघोळ. आईंनी पत्र्यावरच्या वाळलेल्या गाठी मागितल्या. एप्रिलपासून चार वेळा टाकलेल्या सगळ्या मिळून शेरभर झाल्या होत्या. विस्तवावर हलवून त्यांची केसाळ मुळं जाळली, फडक्यात चोळून साफ केल्या, खलबत्त्यात कुटल्या. कुटताना गोड, मातकट, उदबत्तीसारखा वास घरभर झाला. हाच नागरमोथा. दुकानात उटण्यासाठी तो पुडीने विकत आणत होते मी इतकी वर्षं. कपूरकाचरी, आंबेहळद, वाळा, गुलाबाच्या पाकळ्या, संत्र्याची साल आणि मसुरीचं पीठ घालून आईंनी उटणं चाळलं. जाऊबाईंकडे, मावशीकडे आणि समोरच्या इमारतीतल्या त्या आजोबांकडे एकेक पुडी दिली.

२० ऑक्टोबर, सोमवार

पहाटे आंघोळी झाल्या. उजाडल्यावर पहिल्या वाफ्यात चार नवे कोंब, गाठीसकट काढले, पत्र्यावर टाकले. पुढची काढणी १ नोव्हेंबर.